रुचिरा परबचे एकशे अठरा दिवस

प्रति,
मा. अधीक्षक,
दूरस्थ हजेरी पडताळणी कक्ष,
पूर्व उपनगरे, मुंबई.

विषय : इयत्ता पाचवीची विद्यार्थिनी कै. रुचिरा दशरथ परब हिच्या नावापुढील 'सतत गैरहजर' हा शेरा रद्द करून ११८ दिवसांची हजेरी लावण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ३ जानेवारी २०२५ चा अर्ज. २) आपले दि. १७ फेब्रुवारी २०२५ चे पत्र.

महोदय,

१. अर्जदार मुलुंड पूर्व येथे राहतात, वय ७१. घाटकोपरच्या ज्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षे शिकवले, तिथेच ते हल्ली पाचवीला विनावेतन गणित शिकवतात.

२. रुचिरा फुफ्फुसांच्या आजाराने माहुलच्या घरी ऑक्सिजनच्या नळीवर होती. जुलैपासून ती एका संस्थेने दिलेल्या यंत्रातून वर्गात बसे. चाकांच्या खांबावर बसवलेला, कॅमेरा असलेला तो एक पडदा. घरून ती तो चालवी, वळवी, त्यातून बोले. उंबरठा चाकांना ओलांडता येत नसे, म्हणून निहार हा तिचा वर्गमित्र रोज ते उचलून आत घेई. मुले त्याला यंत्र म्हणत नसत. "सर, रुचिराला खिडकीपाशी नको ना, उन्हात तिचं तोंडच दिसत नाही," असे सांगत.

३. दि. २३ सप्टेंबर रोजी बडबडीबद्दल अर्जदाराने तिला भिंतीकडे तोंड करून उभे केले. तिने पडदा निमूट वळवला. सातव्या मिनिटाला तो हळूच मागे फिरला. "सर, छेद सोळा पाहिजे. तुमचं चुकलंय." चुकलेच होते. गैरहजर मुलीला शिक्षा करता येत नाही आणि तिला फळ्यावरची चूकही दिसत नाही, हे आपणही मान्य कराल.

४. तरीही हजेरीपटावर यंत्रासाठी रकाना नसल्याने तिची रोज गैरहजेरी लागे. तिने दोनदा विचारले, "सर, माझी लागली ना?" अर्जदार दोन्ही वेळा हो म्हणाले. विद्यार्थिनीशी खोटे बोलल्याची टोचणी लागून त्यांनी संदर्भ क्र. १ चा अर्ज केला. त्यावर आपल्या कक्षाने प्रत्यक्ष पडताळणी मागितली. घरी येऊन पाहावे, ही विनंती 'पडताळणी हजेरीच्या ठिकाणीच होते' या कारणाने नाकारली. तिला शाळेत आणायला तिची आई नलिनीताई तयार नव्हत्या. एका दिवसाचाच प्रश्न आहे, अशी त्यांची समजूत अर्जदारानेच घातली.

५. दि. २२ जानेवारी रोजी तिला खुर्चीत बसवून सिलिंडरसह शाळेचे दोन मजले चढवले. अधिकाऱ्यांनी नाव पुकारले. तिला धाप लागली होती, शब्द फुटेना. निहार म्हणाला, "आहे ना सर, बघा ना." अधिकाऱ्यांनी पाहिले, 'हजर' लिहिले, सही केली. तासाभरात तिला रुग्णालयात न्यावे लागले. दि. ३० जानेवारीस ती गेली.

६. आपल्या पत्रात म्हटले आहे की, पडताळणीनंतर विद्यार्थिनी शाळेत न आल्याने मागील दिवस ग्राह्य धरता येत नाहीत. सबब 'सतत गैरहजर' म्हणून नाव कमी केले. हे पत्र तिच्या घरी पोचले. ते घेऊन नलिनीताई शाळेत आल्या. "सर, ती एक दिवस चुकली नाही ओ. ताप असला तरी वेणी घालून बसायची," एवढेच बोलल्या.

७. तरी ते ११८ दिवस हजेरीत धरावेत. पडताळणीपर्यंतच्या हजेरीपटात खरी गैरहजेरी एकच आहे, ती दि. २२ जानेवारीची, ती मात्र लावावी. त्या दिवशी तिला वर्गात आणले होते. तिने फळ्याकडे पाहिले नाही, कुणाची चूक काढली नाही.

आपला नम्र, आणि या प्रकरणी आपल्याइतकाच जबाबदार,

श्यामसुंदर मोघे
दि. २४ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) हजेरीपटाची प्रत.
२) शिक्षेची नोंद असलेले टाचणवहीचे पान.
३) रुचिराच्या गणिताच्या वहीची छायाप्रत, पाने ९६. मूळ वही तिच्या आईकडे आहे. ती पडताळणीसाठी मागवू नये.