परीक्षा झाल्यावरचा नियम

वाशीम, १२ जानेवारी २०२५

ती. शालिग्राममामांस,
योगिनीचा सा. न. वि. वि.

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. न्यायाधीश भरतीच्या यादीत आपल्या सुचिताचं नाव शेवटचं का होईना लागलं, याचा मला खरंच आनंद आहे. मी बाहेर राहिले. कशी, तेही ऐका. लेखी आणि मुलाखत यांचे गुण मिळवून निवड होईल, असं जाहिरातीत होतं. दोन्ही पार पडल्यावर निवड समितीनं नवा नियम काढला, की ज्याला मुलाखतीत निम्मे गुण नसतील तो बाद. मुलाखतीत मी अडखळले, थोडक्यात राहिले. एकूण गुण मात्र माझे सुचितापेक्षा जास्त आहेत.

मला कोर्टात जायचं आहे. पण मी जिंकले तर यादीतली शेवटची जागा जाईल, म्हणजे सुचिताची. आई गेल्यावर तुम्ही मला रिठदला नेलंत, सुचिताच्या जोडीनं वाढवलंत. तुम्ही नको म्हणालात तर मी गप्प बसेन. मामीला सांगा, तिनं दिलेलं तिखट माझ्यासोबत डबा खाणाऱ्या वाशीमच्या वकिलांना झेपत नाही.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची योगिनी

रिठद, १९ जानेवारी

चि. योगिनीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुयं पत्र वाचलं अन् हरभऱ्याच्या वावरात जाऊन बसलो. गावात पेढे वाटून झाले होते. तुयी मामी म्हने, पोरगी घरचीच हाय, समजावून सांगा. तुले नाई असं लिहाले मी कागद घेतलाबी होता. पन शंकरपटात जोड्या धावून झाल्यावर पंच म्हनला, का ज्याच्या बैलाची शिंगं आखूड तो बाद, तर मीच त्याची गचांडी धरीन. मंग आपल्या पोरीपुरता दुसरा कायदा कुठून आनू?

जाय तू कोर्टात. हो म्हनतानी जीव तुटून राह्यला, हेबी लपवत नाई.

सुचितानंबी तुयं पत्र वाचलं. लय खवळली हाय. काहून, ते तीच लिहीन.

मामाले परका समजू नको.
शालिग्राम

रिठद, २० जानेवारी

प्रिय योगिनी,
स. न. वि. वि. (आजच्यापुरतंच!)

परीक्षा मी दिली, जागा जाणार माझी, आणि परवानगी मागतेस बाबांची? काहून? मी काय त्यांच्या गोठ्यातली म्हैस आहे? न्यायाधीश व्हायला निघालेल्या बाईनं हे करावं!

आता ऐक. याचिकेत मला प्रतिवादी कर. जिची जागा जाऊ शकते तिचं म्हणणं ऐकायला नको? मला वगळलंस तर तुझी याचिका तिथंच पडेल. मी वकील लावणार, लढणार. मुलाखतीत मी चांगली बोलले, ते काय फुकट? रागानं लिहितेय असं समजू नको. रडून झालंय माझं. तारखेला दोघी एकाच बसनं जाऊ. डबा तू आणायचा, कारण जिंकायची शक्यता तुझी जास्त.

भांडण कोर्टात ठेवू, घरी आहेस तशीच राहा.
तुझी प्रतिवादी,
सुचिता

रिठद, २ नोव्हेंबर

चि. योगिनीस,
आशीर्वाद.

तुयी मामी इचारते, कोर्टात लोकं आपल्याकडं पाहून काहून हासले. मले तोंडानं सांगाले लाज वाटते, म्हनून लिहून देतो, मंजे तू आली का तूच तिले वाचून दाखवजो. मले आता कमीच आयकू येते. निकाल देतानी साहेब काय बोलले, मले समजलं नाई. मी तुमा दोघींचे तोंडं पाहून राह्यलो. तू रुमालात तोंड खुपसून रडत होती, सुचिता तुयी पाठ थोपटून हासत होती. मले वाटलं, सुचिता जिंकली. म्हनून तुयी समजूत घालाले लागलो, का बाई, पुढच्या साली होईन. तवा सुचिता माया कानात ओरडली, का बाबा, जिंकली हीच! भरती सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाई, असं कोर्ट म्हने. मंग हासतीन नाई तं काय?

बसमंदी मात्र वाशीम येईपर्यंत सुचिता खिडकीबाहेरच पाहत होती.

काल नव्या भरतीची जाहिरात आली. मुलाखतीची अट या खेपेले पयलेच छापली हाय. सुचितानं लगेच अर्ज भरला. म्हने, योगीले लिहा, नेमणूक होईपर्यंत इथंच येऊन राहाय अन् मायी लेखी पक्की करून दे. बदल्यात न्यायाधीशाच्या खुर्चीत तोंड कसं उघडावं, ते मी तिले शिकवते. सकाळपासून तुयी खाट उन्हात टाकून ठेवली हाय तिनं.

या घरचा लोभ तुया हक्काचा हाय, लवकर ये.
मामा