सासूबाईंच्या घड्याळाचा एक फोटो

३ नोव्हेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. एक प्रोजेक्ट हाती घेतला आहे आणि प्रोजेक्टची नोंद ठेवलेली बरी.

सासूबाई उन्हाळ्यात गेल्या. जाण्याआधी वाटणी सांगून ठेवली होती: शिलाई मशीन मोठीला, मनगटी घड्याळ धाकटीला. मोठी म्हणजे माझी बायको. धाकटी, म्हणजे मेहुणी, महिनाअखेर कायमची परदेशी चालली आहे. घड्याळ तिच्याबरोबर जाणार. तोवर बायकोकडे आहे. हिचं म्हणणं एवढंच, की जाण्याआधी त्याचा एक चांगला फोटो काढून द्या, फ्रेम करून मशीनच्या वर लावीन.

म्हटलं, पाच मिनिटांचं काम.

दुपारी काढला. हिने घड्याळ मनगटावर बांधलं, खिडकीशी हात धरला, मी क्लिक केलं. स्क्रीनवर बघतो तर घड्याळ धूसर आणि मागचा पडदा एकदम शार्प. काचेवर चरा, पट्ट्याला भेगा, हात थोडा हललेला. हिने तो बराच वेळ पाहिला. म्हणाली, "छान आलाय. हाच राहू द्या."

ही साधी आहे. पण घरात डिजिटल कॅमेरा असताना असला फोटो भिंतीवर लावायचा म्हणजे माझीच अब्रू टांगायची.

५ नोव्हेंबर

ऑफिसात अपर्चररावांना गाठलं. खरं नाव वेगळं, पण अकाउंट्समधल्या या गृहस्थांशी हवापाण्यावर बोलायला जावं तरी ते दोन मिनिटांत कॅमेऱ्याच्या अपर्चरवर येतात. म्हणाले, फुलाचं चिन्ह आहे ते लावा, म्हणजे जवळून काढायचा मॅक्रो, ट्रायपॉड घ्या, बटण हाताने दाबू नका, टायमर लावा. फुलाचं चिन्ह मला इतके दिवस बागेसाठी आहे असं वाटत होतं. हे त्यांना सांगितलं नाही. जुनी माहिती पुन्हा ऐकतोय अशी मान हलवली.

संकल्प: या आठवड्यात फोटो, पुढच्या आठवड्यात फ्रेम.

९ नोव्हेंबर, शनिवार

ट्रायपॉड आला. जेवणाच्या टेबलावर स्टुडिओ मांडला. खूप फोटो काढले. घड्याळ शार्प! पण प्रत्येक फोटोत काचेत मी. बनियन स्पष्ट, बनियनचं भोकही स्पष्ट. लेन्सबद्दल मात्र आता शंका उरली नाही.

हिने विचारलं, जेवायचं कुठे? म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे, ताटं मांडीवर घेऊ.

१० नोव्हेंबर

उपाय सापडला. फोटोग्राफरने काळं घालायचं. काळा शर्ट, काळी पँट, काळी टोपी. शिवाय काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून लेन्स बाहेर. समोरच्या काकू वर्तमानपत्र मागायला आल्या, मला पाहून दारातच थबकल्या आणि हिला हळूच विचारलं, कोण गेलं? ही म्हणाली, कुणी नाही, घड्याळाचा फोटो काढताहेत. काकू वर्तमानपत्र न घेताच गेल्या.

दोन्ही बाजूंना बटरपेपर लावून मागे दिवे. एक दिवा कमी पडत होता म्हणून शिलाई मशीनचा काढून घेतला. हिचा एक झगा अर्धा शिवायचा राहिलाय. राहू दे, कला आधी.

१२ नोव्हेंबर

आता सेकंदकाट्याने छळ मांडलाय. शटर उघडं असेपर्यंत हा पुढे सरकतो आणि फोटोत नुसता धूर दिसतो. अपर्चरराव म्हणाले, घड्याळ बंद करा आणि दहा वाजून दहा मिनिटं लावा. सगळ्या जाहिरातींत तसंच असतं. काटे वर, कंपनीचं नाव मोकळं, घड्याळ हसल्यासारखं दिसतं.

सासूबाई घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे ठेवायच्या. बस चुकू नये म्हणून. त्यांची बस कधी चुकली नाही हे खरं. पण रोज स्टॉपवर दहा मिनिटं ताटकळायच्या हेही खरं. ही अजून रोज सकाळी चावी देते आणि तितकंच पुढे ठेवते. आज सांगून टाकलं, चावी बंद. ही म्हणाली, बंद घड्याळाचा फोटो कशाला? मी म्हटलं, फोटोत कुठलंही घड्याळ बंदच असतं. यावर तिने घड्याळ टेबलावर ठेवून दिलं. वादात मी क्वचितच हरतो.

१३ नोव्हेंबर

चाळीस फोटो वाया. सगळ्यांत पुन्हा धूर. कान लावला तर टिकटिक चालू! विचारल्यावर ही म्हणाली, सवयीने हात गेला.

घड्याळ आता माझ्या ऑफिसच्या बॅगेत. शिस्त म्हणजे शिस्त.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मॅक्रोमध्ये काचेवरचा चरा हमरस्त्याएवढा दिसतो. सहा आणि सातच्या मधोमध, तिरका. हिला दाखवला. म्हणाली, ती स्वतः दुसरीत होती तेव्हाचा आहे. दार धाडकन बंद होत होतं, हिची बोटं फटीत, सासूबाईंनी स्वतःचा हात मध्ये घातला. कडी काचेवर घासली. हिच्या बोटांना काही झालं नाही.

मी म्हटलं, गोष्ट चांगली आहे, पण फोटोत गोष्ट दिसत नाही, चरा दिसतो.

ही आत निघून गेली. डोकं दुखत असावं.

१७ नोव्हेंबर

इंटरनेटवर सापडलं. जुन्या घड्याळांची काच प्लॅस्टिकची असते, टूथपेस्टने घासली की चरे जातात. ही बाजारात गेली असताना अर्धा तास घासलं. चरा गेला! काच मात्र धुक्यात गेली. आता काहीच दिसत नाही, वास तेवढा ताजातवाना येतो.

हिला सांगितलं नाही. सरप्राइज बिघडेल.

१९ नोव्हेंबर

ऑफिसातून परस्पर घड्याळवाल्याकडे. नवी काच बसवली. लखलखीत. डायलही पुसून घेतली, पिवळेपणा गेला. मग त्या काचेपुढे पट्टा फारच भिकारडा दिसायला लागला. भेगा पडलेल्या, आणि शेवटच्या भोकाच्या पलीकडे सुईने पाडलेलं आणखी एक वेडंवाकडं भोक. शेवटच्या आजारात सासूबाईंचं मनगट बारीक झालं होतं, तेव्हा हिनेच पाडलं होतं ते. नवा पट्टा घेतला, चकचकीत काळा.

घड्याळवाल्याने विचारलं, जुनी काच, जुना पट्टा पुडीत बांधून देऊ का? म्हटलं, काय करायचंय, टाका.

२३ नोव्हेंबर, शनिवार

कॅमेऱ्याचं कार्ड फुल. बसून साफसफाई केली. बनियनवाले, धूरवाले, तीन तारखेचा तो पडदेवाला, सगळा कचरा डिलीट. फार मोकळं वाटलं. नवे चारशेच्या वर काढले. बाराचा आकडा शार्प असेल तर सहाचा धूसर, आणि सहाचा शार्प असेल तर बाराचा. पण आता फार थोडं अंतर उरलंय.

ही आजकाल फोटोबद्दल विचारत नाही. विश्वास बसला असणार.

२७ नोव्हेंबर

जमलं.

घड्याळ किंचित तिरकं, बारापासून सहापर्यंत सगळं शार्प, काचेत मी नाही, दिवा नाही, धूळ नाही. दहा वाजून दहा मिनिटं. अपर्चररावांना दाखवला तर पहिल्यांदाच त्यांनी अपर्चर किती ठेवलं हे विचारलं नाही. मोठी प्रिंट काढायला दिली. सोनेरी कडेची फ्रेम.

लग्नानंतर हिच्यासाठी इतकी मेहनत मी कशावरच घेतली नव्हती. हिच्या डोळ्यांत पाणी येणार हे नक्की.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी मेहुणी घड्याळ न्यायला आली. उद्या तिचं विमान. मी काळा शर्ट घातला होता, आता सवय झाली आहे. फ्रेमवर रुमाल टाकून ठेवला होता. दोघींना समोर बसवलं आणि रुमाल काढला.

मेहुणी म्हणाली, सुंदर आहे हो भाऊजी, कुठल्या कंपनीची जाहिरात?

हिने फ्रेम मांडीवर घेतली. सहा आणि सातच्या मध्ये अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मी टूथपेस्टपासून सगळी प्रोसेस समजावायला सुरुवात केली. घड्याळवाल्यापर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं की कुणी ऐकत नाहीये. म्हणून घड्याळच काढून मेहुणीच्या हातात ठेवलं. तिने ते मनगटावर चढवलं आणि शेवटच्या भोकाच्या पुढे बोटाने चाचपत राहिली. पट्टा कोपराकडे घसरला. कानाला लावून पाहिलं. मग हिच्याकडे बघत म्हणाली, "ताई, आईचं कुठंय?"

हिने फ्रेम मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. मला वाटतं, तेव्हा ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अहो, तो पहिला फोटो आहे ना? माझ्या हातावरचा?"

मी म्हटलं, आहे ना, शोधतो.

३० नोव्हेंबर

मेहुणी गेली. घड्याळ नेलं नाही. टेबलावर बटरपेपरच्या मध्ये तसंच ठेवून गेली. म्हणजे ते आता हिच्याकडेच राहणार. तसं पाहिलं तर फोटोची गरजच नव्हती. हे हिला सांगायला गेलो आणि दारातूनच परत आलो.

घड्याळवाल्याकडे गेलो. म्हणाला, कचरा रोज जातो, साहेब.

१ डिसेंबर, रविवार

अपर्चररावांना घरी फोन केला. म्हणाले, डिलीट झालेला फोटो परत येऊ शकतो, पण त्या जागेवर नवं काही लिहिलं गेलेलं नसलं पाहिजे. किती नवे काढले, विचारलं. मी विषय बदलला.

सॉफ्टवेअर घेतलं. सकाळपासून चाललंय. चारशे घड्याळं परत आली, सगळी दहा वाजून दहा मिनिटांवर. जेवणानंतर तीन तारखेची एक फाइल आली. वरची पट्टी फक्त, खाली सगळं राखाडी. हात नाही, घड्याळ नाही.

वरच्या पट्टीत पडदा आहे. एकदम शार्प.

मशीनचा दिवा परत बसवून दिला. लॅपटॉप तिथेच नेऊन हिला ती पट्टी दाखवली. दुसरं काय दाखवणार होतो? हिने बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, "राहू द्या." आणि अर्धा राहिलेला तो झगा पुढे शिवायला घेतला.