फिल्टर उद्याच मोजणार

अब्बा, सलाम.

मी बरी आहे. हे फोनवर बोलणं बरं नव्हे, म्हणून लिहिते.

एका देशाने जमिनीखाली अणुचाचणी केली. तिथून किरणोत्सार गळला का, यावरून इथे रियाधमध्ये राजदूतांची धावपळ चालली आहे. हवेच्या फिल्टरवर किरणोत्सार किती साठला, ते मोजायचं काम माझं. हवेतला नेहमीचा किरणोत्सार विरेपर्यंत तो एक दिवस तसाच ठेवावा लागतो, नाहीतर आकडा चुकतो. साहेबांना "काही गळलं नाही" असा कागद आजच हवा होता. मी सही केली नाही. अर्धवट सुकलेला बोंबील तुम्ही कधी व्यापाऱ्याला दिलात का?

उद्या येईल तोच आकडा लिहीन.

तुमचा खोकला कसा आहे? अम्मीने व्हिडिओ कॉलवर माझ्या खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या पाहिल्या. धुळीसाठी आहेत, एवढंच तिला म्हणावं.

तुमचीच हट्टी,
अफशाँ