आठ हजार चारशे बारा वह्या, तारीख एकच

प्रिय आत्यास,

तुझ्या लाडक्या (निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी लाडक्या) भाचीचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना अजून कटकट होते का? इकडे बाबांचं बरं आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, ते फाटकाला हात लावून येतात आणि दोन मैल झाले म्हणतात. मीही बरी आहे, म्हणजे गेल्या शुक्रवारी दुपारपर्यंत होते. पत्र हाताने लिहितेय, कारण कॉम्प्युटरवर हल्ली माझा विश्वास उरलेला नाही. आणि बाबांच्या हाती पाठवतेय, कारण प्रयोगशाळेच्या नंबरवरून आलेला फोन तू उचलत नाहीस. तसं काही काम नाही हं. सहजच लिहितेय.

तुला आपली थंड खोली आठवत असेलच. न आठवून सांगतेस कोणाला, एकोणीस वर्षं रोज सकाळी तिचं दार तूच उघडलंस. बी किती वर्षं जिवंत राहतं हे बघायला सरांनी मांडलेला तो प्रयोग अजून चालू आहे: रोज शंभर बिया ओल्या कागदावर घालायच्या आणि आधी घातलेल्यांपैकी किती रुजल्या ते कॉम्प्युटरमधल्या वहीत लिहायचं. रोज एक नवी वही, तेवीस वर्षं, एकही दिवस खाडा नाही. (हे सगळं तुला ठाऊक आहे. तरी सांगतेय, कारण निदान ही एक गोष्ट तरी माझ्या हातून ओळीने लागू दे.) पण सरांना तारखा कधी लक्षात राहिल्या नाहीत, भांडणं राहिली. म्हणून ज्या दिवशी ज्याच्याशी भांडण, त्याचं नाव त्या दिवसाच्या वहीला. ‘मेहुणा’, ‘मेहुणा पुन्हा’, ‘शिपाईमामा आणि पंखा’, ‘दंतवैद्य’. आत तारीख नाही, वार नाही, फक्त आकडा, दोन-चार शिव्या आणि शेवटी ‘पुढचं पाहा’ असं म्हणून दुसऱ्या दिवशीच्या वहीचं नाव (तेही त्या दिवशीचं भांडण झाल्यावर मागाहून भरलेलं). तेवीस वर्षांत ‘कोणी नाही’ नावाच्या वह्या नऊ. त्यांतल्या चार दिवशी सरांना घसा बसल्यामुळे बोलता येत नव्हतं.

सर तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले आणि नव्या बाई आल्या. बाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण त्यांना ‘दंतवैद्य’ उघडून आत बियांचे आकडे बघायची सवय नाही. येत्या सोमवारी पाहणी समिती येणार आहे. तिला तेवीस वर्षांचे आकडे एका ओळीत, एकही दिवस न गळता, दाखवता आले तर खोली राहील. नाही आले तर खोली थंड ठेवणारं यंत्र बंद, बिया कचऱ्यात, खोलीत दुसऱ्या विभागाची कपाटं आणि मी घरी. बाईंनी मला बोलावून शांतपणे एवढंच सांगितलं, की वह्या जरा नीट लावून ठेव. नीट! अगं, मी किती खूश झाले माहितेय? पाच वर्षं मी या दिवसाची वाट बघत होते.

मग शुक्रवारी दुपारी ते झालं. कॉम्प्युटरमध्ये सगळ्या वह्यांना आपोआप तारखेची नावं देण्याची एक सोय आहे. ती कशी कोण जाणे चालू झाली आणि चार मिनिटांत आठ हजार चारशे बारा वह्यांची नावं बदलली गेली. मी हात झटकून चहा घेऊन आले, स्क्रीनकडे बघितलं आणि कप माझ्या हातातून सुटला. सगळ्या वह्यांवर एकच तारीख! गेल्या वर्षीच्या एका मंगळवारची! जुना कॉम्प्युटर बदलताना वह्या ज्या दिवशी नव्यावर उतरवल्या, तोच दिवस त्या यंत्राने प्रत्येक वहीचा जन्मदिवस धरला. एक ते आठ हजार चारशे बारा, सगळ्या मंगळवारच्या. मी किती वेळ तशीच उभी होते देव जाणे. शिपाईमामांनी पाणी आणून दिलं तेव्हा कळलं की मी चहात उभी आहे.

दुरुस्तीवाला आला. दुसरीकडे प्रत ठेवलीय ना, असं त्याने विचारलं. मी मान ताठ करून म्हटलं, आहे तर! प्रत होती. फार हुशार प्रत होती. इकडे जे बदलेल ते लगेच तिकडेही बदलायचं, अशी तिला शिकवण होती, आणि तिने ती इमानाने पाळली होती. दुरुस्तीवाल्याने माझ्याकडे जसं बघितलं तसं माझ्याकडे आजवर फक्त गणिताच्या बाईंनी बघितलंय.

आता अवस्था काय आहे ऐक. प्रत्येक वहीला पुढच्या वहीचं नाव माहीत आहे, पण स्वतःचं नाव कुठलीच वही सांगू शकत नाही. एक वही म्हणते, पुढचं पाहा ‘मेहुणा पुन्हा’. बरं, ‘मेहुणा पुन्हा’ कुठली? आत मेहुण्याला शिव्या असतील ती. अशा साडेचारशे निघाल्या. शोधायच्या खिडकीत मी ‘गाढव’ घालून पाहिलं तर अकराशे तीस वह्या आल्या. त्यांत एक घड्याळ दुरुस्त करणारा, एक मेहुणा आणि बाकीचे आपण सगळे.

शेवटी सरांना फोन केला. सर आता लेकीकडे असतात आणि कुंड्यांना पाणी घालतात. आवाज इतका मऊ झालाय की मी दोनदा विचारलं, कोण बोलतंय. त्यांनी मला सांगितलं की आयुष्यात त्यांचं कोणाशी भांडण असं झालंच नाही. हे शिपाईमामांनी ऐकलं आणि ते खुर्चीत बसले. (पाच वर्षांत मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.) मग तेच म्हणाले, मला विचारा, मला सगळं आठवतं. आणि खरंच गं, तासाभरात त्यांनी स्वतःच्या वाट्याच्या चाळीस वह्या पटापट लावून दिल्या, पंख्याची कोणती, किल्लीची कोणती, कोणत्या भांडणानंतर कोणतं. पण चाळिसाव्या वहीला त्यांना सगळा जुना राग असा काही उफाळून आला की ते डबा उचलून घरी गेले आणि दोन दिवस आलेच नाहीत. तरी पाच दिवसांत आमच्या सहाशे वह्या ओळीत लागल्यात. बाईंना अजून काही सांगितलेलं नाही. त्या दारावरून गेल्या की मी घाईघाईने टाइप करते. परवा लक्षात आलं, कीबोर्ड जोडलेलाच नव्हता.

तर असं चाललंय. तू काळजी करू नकोस, तब्येतीला जप. गुडघ्यांना शेक घेत जा. उत्तराची घाई नाही.

तुझी भाची

ता. क. वर ‘ती सोय कशी कोण जाणे चालू झाली’ असं लिहिलंय ते खोटं आहे. मी चालू केली. यंत्राने मला तीनदा विचारलं होतं, खरंच बदलू का? तिसऱ्यांदा तर मला त्याचा राग आला होता.

आणखी एक ता. क. काम नाही असं म्हटलं तेही खरं नाही. आत्या, उरलेल्या वह्यांतल्या निम्म्याहून जास्त तुझ्या आहेत गं. सर तुला ‘दुर्बीण’ म्हणायचे, कारण तुला सगळ्यांच्या चुका दिसायच्या. (हे तुला माहीत नसेल तर हे वाक्य वाचू नकोस.) दार कोणी उघडं ठेवलं होतं, बाटल्या कोणी फोडल्या, कोणत्या भांडणानंतर कोणतं, हे तुझ्याशिवाय जगात कोणाला ठाऊक नाही. शुक्रवारी सकाळी ये. त्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही असं तू म्हणाली होतीस, मला माहीत आहे. तरी ये. बाबा तुला घेऊनच येतील. पाया पडते.

हे मी लिहिणार नव्हते. तू ज्या दिवशी किल्ली टेबलावर टाकून निघून गेलीस त्या दिवसाची वही काल सापडली. चौदा नंबरच्या ट्रेमध्ये तू म्हणत होतीस त्रेपन्न रुजले, सर म्हणत होते अडुसष्ट, आणि सगळ्यांसमोर ते तुला म्हणाले की चष्मा बदल. वहीत अडुसष्ट खोडलंय. खाली लिहिलंय: ‘सगळे गेल्यावर पुन्हा मोजले. त्रेपन्न. तिचं बरोबर. उद्या फोन करून सांगतो. पुढचं पाहा: दुर्बीण.’ पुढची वही उघडली. तीत आकडा, आणि खाली: ‘आज राहिलं. उद्या सांगतो. पुढचं पाहा: दुर्बीण.’ अशा एकसष्ट सापडल्यात आणि अजून निघतायत. आत्या, तू गेल्यावरही तो माणूस रोज तुझ्याच नावाची वही उघडत होता! वाचून मी चाटच पडले. नंतर रडले, आणि नंतर मला दोघांचाही भयंकर राग आला.

शेवटचं. शुक्रवारी मी सरांनाही बोलावलंय. तू येणार आहेस हे त्यांना सांगितलेलं नाही. तुझ्याशी कधी भांडण झाल्याचं आपल्याला आठवत नाही, असं ते परत एकदा म्हणाले. मग फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, ती अजून त्याच नंबरवर असते का?