एकेचाळीस दुवे

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, आतला नकाशाही मिळाला. फोनवर मी भरकटतो म्हणून तू पत्रं लिहायला लावतेस. आता कागदावर भरकटतो, भोग.

सध्या बाटल्यांना लेबलं चिकटवायच्या कारखान्यात आहे. खोली एका लाँड्रीच्या डोक्यावर. खालून वाफ येते, त्यामुळे माझा शर्ट अंगावरच इस्त्री होतो. तुझा नकाशा भिंतीला लावला, तर शेजारच्या खाटेवरच्या सुताराने विचारलं, झुरळ केव्हा मारलंस.

तू लिहितेस की तुमचा तो कोळी, म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर, एका वेबसाइटवरून दुसरीवर सरपटत जातो, कोणी कोणाच्या पानाचा दुवा दिलाय ते गोळा करतो, आणि ज्याच्याकडे जास्त दुवे येतात त्याचा ठिपका नकाशावर फुगतो. फुगलेला ठिपका म्हणजे मोठा विद्वान. ताई, मी नववीत बाकावरून उठलो तो परत बसलोच नाही, तरी एक विचारतो. आपल्या गल्लीत येणाऱ्याजाणाऱ्याला सगळे कोणत्या घराकडे बोट दाखवायचे? ज्यांचा कुत्रा चावायचा त्या घराकडे. तुमच्या कोळ्याने मोजलं असतं तर तो कुत्रा कुलगुरू झाला असता.

चार वर्षं यात घातलीस म्हणून विचारलं. राग आला तर आधी पाणी पी, मग लिही.

लोभ कमी केलास तरी पत्र मोठं असू दे.

तुझा,
भिंगरी

ता. १२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

कुत्र्याचा दाखला वाचला. माझ्या मार्गदर्शक सरांना, ज्यांना आम्ही त्यांच्या पाठीमागे ठिपकेसाहेब म्हणतो, तो सांगितला नाही. सांगितला असता तर त्यांनी कुत्र्यावरही एक प्रकरण लिहायला लावलं असतं.

तुला वाटतं तितकी मी भोळी नाही. दुवा म्हणजे मान नव्हे, हे मी त्यांना पहिल्याच वर्षी म्हटलं होतं. ते म्हणाले, शंका प्रबंध झाल्यावर काढायच्या असतात. प्रबंध महिनाअखेर द्यायचा आहे, आणि त्याचं अख्खं तिसरं प्रकरण एका ठिपक्यावर उभं आहे. नकाशात मधोमध सगळ्यात मोठा आहे ना, तुझ्या सुताराचं झुरळ, तोच. तो कोणत्याच विभागाचा नाही. त्याच्या पत्त्यात नुसता सहा आकड्यांचा नंबर आहे: ४०८८१७. विद्यापीठाच्या एकेचाळीस विभागांनी त्याचा दुवा दिलाय. उघडायला जावं तर पान बंद. विभागांच्या पानांवर शोधावा तर डोळ्यांना दुवा दिसत नाही, कोळ्याला मात्र दिसतो. सर तर हरखून गेलेत. त्यांनी त्याला 'अदृश्य ज्ञानकेंद्र' असं नाव दिलंय, आणि आकडे म्हणजे एखादं ग्रंथालयीन वर्गीकरण असावं म्हणतात. मी खाली मान घालून टाइप केलं. चार वर्षांत माझी मान तेवढी चांगली वाकायला लागली आहे.

तू मधे कुठल्याशा वेबसाइटच्या दुकानात होतास. असा न दिसणारा दुवा कोण आणि का घालतं, तेवढं सरळ सांग. मधेच लाँड्रीत शिरू नकोस.

खाऊन पिऊन राहा. आशीर्वाद आहेतच, तुला त्यांची किंमत नसली तरी.

ताई

ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (आज खरोखरच साष्टांग.)

पत्र फाडायचं तर शेवटपर्यंत वाचून फाड.

ते आकडे पाहिले आणि माझ्या हातातलं लेबल माझ्याच मनगटाला चिकटलं. पाच वर्षांपूर्वी त्या दुकानाला तुमच्या विद्यापीठाचं काम मिळालं होतं. मालक एक साचा करायचा आणि त्यातूनच सगळे विभाग पाडायचा. नाव बदलायचं, विभागप्रमुखाचा फोटो बदलायचा, झालं. तत्त्वज्ञानाच्या पानावर महिनाभर रसायनशास्त्राचा माणूस होता, कोणी हूं की चूं केलं नाही. तो फोटोतला माणूस हसरा होता, ते जाऊ दे.

तेव्हाच आईचा फोन आला. संशोधनाच्या प्रवेशपरीक्षेला तू तिसऱ्यांदा बसत होतीस. आई म्हणाली, नुसता उंडारतोस, बहिणीला मनापासून एक दुवा दे. आणि जणू मीच पेपर तपासणार असल्यासारखा तुझा बैठक क्रमांक वाचून दाखवला. मी तो टेबलावर लिहून घेतला: ४०८८१७.

आता दिवसभर मालक कानाशी ओरडायचा, इथे दुवा दे, तिथे दुवा दे. मला तेवढा एकच दुवा ठाऊक. आईला कुठला हवा होता ते मला फार नंतर कळलं. मी त्या क्रमांकाचं एक पान केलं, त्यावर एकच ओळ लिहिली, 'ताई पास होऊ दे', आणि साच्यात सगळ्यात खाली पांढऱ्यावर पांढरा ठिपका ठेवून त्याला ते पान जोडलं. साचा एक, म्हणून दुवे एकेचाळीस. पुढे दुकान बंद पडलं, पानही गेलं.

तुमचं अदृश्य ज्ञानकेंद्र ते हे. ठिपकेसाहेबांना सांग, ते सध्या लेबलं चिकटवतं, आणि तीही अधूनमधून उलटी.

तुझं प्रकरण मी बुडवलं. काय करायचं ते तू ठरव. मी कोणाला काही बोलणार नाही.

लोभ उरला असेल तर थोडा राखून ठेव.

भिंगरी

ता. ६ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

कपाटातून जुनं प्रवेशपत्र काढलं. ४०८८१७. मी तो आकडा चार महिने रोज टाइप करत होते आणि मला तो स्वतःचा वाटला नाही. संशोधक म्हणवून घ्यायला आणखी काय हवं.

सरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ खिडकीचा पडदा नीट करत राहिले. मग म्हणाले, 'उगम अज्ञात' असं लिहून टाका, इतक्या खोलात कोण जातं. मी म्हटलं, उगम चांगला ज्ञात आहे, नववीत शाळा सोडलेला आहे. ते म्हणाले, मग प्रबंध सहा महिने लांबेल. मी म्हटलं, लांबू दे. मान वाकेना, त्याला मी काय करू.

तर प्रबंध लांबला. जुनं तिसरं प्रकरण रद्दीत गेलं. नवं प्रकरण आहे ते एकाच साच्यातून पडलेल्या दुव्यांना कोळी कसा फसतो यावर. त्यात तुझा कुत्राही घेतलाय, तळटीपेत. तुझं नाव घातलेलं नाही, शेफारशील.

आणि हो, परीक्षा मी अभ्यास करून पास झाले, ठिपक्यामुळे नव्हे. आईला हे पटत नाही. ती म्हणते, एकेचाळीस झाले म्हटल्यावर कोणी नापास होईल का.

कोळ्याच्या मोजणीतून तुझे एकेचाळीसही दुवे मी वगळले. मेलेले दुवे पानांवरून पुसायला संगणक कक्षातल्या बाईंनी विभागांची यादी मागितली होती, तीही दिली. त्यांनी मोजून विचारलं, चाळीसच का. मी म्हटलं, चाळीसच.

आमच्या विभागाचं पान उघडलंस तर सगळ्यात खाली बघ. दिसणार नाही, पण आहे.

लोभ आहे, नाइलाज आहे.

ताई