पाचवे घमेले

मी, हर्षल सहादू निरभवणे, वय २८, राहणार सातपूर, नाशिक, शिक्षण बारावी नापास, काम सहावी ते आठवीच्या मुलांची गणिताची शिकवणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे; हृदयाची एक झडप तेवढी नाही. ती येत्या बुधवारी, दि. १२ रोजी बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, शंभरातले सत्त्याण्णव बरे होतात. मी मुलांना शेकडेवारी शिकवतो, त्यामुळे मला उरलेले तीनच दिसतात. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट आई म्हणते, "असलं अभद्र काय लिहीत बसला रे?" मी दमलो आहे म्हणून लिहितो. फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत आता हात पोचत नाही, मी अर्ध्यापासून खाली लिहितो. खाडाखोड दिसल्यास शेजारी माझी सही पाहावी.

१. घर आईच्या नावावर आहे, तेव्हा त्यात देण्यासारखे माझे काही नाही. बँकेत जे असेल ते आई, लताबाई, हिला मिळावे. पासबुक पिठाच्या डब्यामागे आहे.

२. मोटारसायकल धाकटा भाऊ रविराज याला. सकाळी चोक ओढल्याशिवाय ती सुरू होत नाही. उगाच किक मारत बसू नये. रविराजने मित्रांसमोर माझ्या शिकवणीला "घमेलं क्लासेस" म्हटले होते. ते मी विसरलेलो नाही, तरी गाडी त्यालाच. शिकवणीच्या पुढच्या खोलीत त्याला मोबाइलचे दुकान टाकायचे आहे. त्याने मुलांची वार्षिक परीक्षा होईपर्यंत, म्हणजे एप्रिलअखेर, थांबावे. ही विनंती आहे, हक्क नाही.

३. ज्या शाळेने मला दोन तास बाकावर बसवून "डी.एड. नाही? मग शिपायाची जागा आहे" असे सांगितले, तिच्या मुख्याध्यापकांना काही देत नाही. मात्र त्यांनी पाहायला म्हणून ठेवून घेतलेला माझा अपूर्णांकांचा तक्ता त्यांनी खुशाल ठेवावा. तिसऱ्या ओळीतला पिवळा रंग विटला असेल, तो पुन्हा भरावा. मुलांना दिसत नाही.

४. वडिलांची थापी आणि ओळंबा त्यांचे जोडीदार गवंडी रावजीमामा यांना द्यायचा होता. पण कोर्टाबाहेरच्या लेखनिकाने सांगितले की ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये, आणि मला मामांची साक्ष हवी आहे. म्हणून दोन्ही वस्तू आईकडेच राहाव्यात. मामांनी वाईट वाटून घेऊ नये.

५. हे कलम वाटणीचे नाही, पण याच्याशिवाय पुढचे समजणार नाही.

बारावीला माझे गणित राहिले त्याच वर्षी वडिलांची कंबर गेली. मी रावजीमामांच्या हाताखाली माल कालवू लागलो. एकास चार म्हणजे एक घमेले सिमेंट, चार घमेली वाळू. गुणोत्तर मी तिथे शिकलो, पुस्तकात नाही. पुढे शिकवणी काढली तेव्हा हीच घमेली अंगणात मांडली. वहीत अडणारी मुले घमेल्यापाशी चालू लागत.

पाच वर्षांपूर्वी आठवीची शिष्यवृत्ती परीक्षेची तुकडी होती. गणित असे: सिमेंट आणि वाळू यांचे गुणोत्तर १ : ४ आहे, तर मिश्रणात सिमेंटचा भाग किती? मी फळ्यावर एक चतुर्थांश लिहिले. चैताली नवनाथ दोंदे, तेव्हा तेरा वर्षांची, उभी राहिली.

"सर, एक पंचमांश. एक अन् चार पाच होतात ना."

"कधी कामावर गेली आहेस?" मी विचारले.

मी तिच्यासमोर पाच घमेली ओतली, पाणी घालून कालवली आणि तयार माल घमेल्याने परत मोजायला लावला. चारच भरली, वर थापीभर उरला.

"दिसलं? चारातलं एक."

तिने घमेली पुन्हा मोजली. मग म्हणाली, "पण सर, पाचवं घमेलं गेलं कुठं?"

"तुझ्या डोक्यात," मी म्हणालो.

वर्ग इतका हसला की शेजारच्या भागुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मुले महिनाभर चैतालीला "पाचवं घमेलं" म्हणत होती. मी कोणाला अडवले नाही.

परीक्षेत तशाच प्रकारचे सरबताचे गणित आले. चैतालीने स्वतःची रीत सोडून माझ्या रीतीने लिहिले. एका प्रश्नाने तिचे नाव यादीत आले नाही. उत्तरसूची मी पाहिली. रीत तिची बरोबर होती. मी रावजीमामांना गाठून पाचव्या घमेल्याचे विचारले.

"सांदीत गेलं," मामा म्हणाले. "वाळूच्या दाण्यांत सांदी राहती, शिमिट तिथं जाऊन बसतं. टाकलं पाच, दिसतं चार. लय सोपं हाय. तुला दोन वर्सं हाताखाली ठिवला, एवढं नाय कळलं?"

त्याच आठवड्यात चैतालीचे वडील आले. "सर, पोरीचं गणित कच्चं आहे का?" मी म्हणालो, "थोडं कच्चं आहे." हे वाक्य मी बोललो, याची इथे नोंद असावी. दहावीनंतर तिने गणित सोडले. पुढच्या सगळ्या तुकड्यांना मी बरोबर शिकवले. आधी काय शिकवत होतो, ते कोणाला सांगितले नाही.

६. (हे कलम खोडले आहे. सही: ह. स. निरभवणे.) फळा, पाच घमेली, माझ्या टाचणांच्या वह्या आणि चालू तुकडीची चौदा मुले चैताली नवनाथ दोंदे हिच्याकडे द्यावीत. माझ्यामागे रावजीमामांनी कलम ५ वर्गासमोर वाचावे.

७. कलम ६ लिहून झाल्यावर वाटले, घेणारीला विचारायला हवे. निरोप पाठवला. आज सकाळी अकराला चैताली आली. तिला आता अठरा पूर्ण झाली आहेत, ती कलाशाखेच्या पहिल्या वर्षाला आहे आणि दुपारी कापडदुकानात उभी असते. रावजीमामा साक्षीसाठी आधीच येऊन बसले होते. तिने कागद उभ्याने वाचला. मी बसूनच होतो.

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"हो."

"आणि तुम्हाला पाच वर्षं माहीत होतं."

"हो."

"चहा घे पोरी," मामा म्हणाले.

"नको मामा." मग मला म्हणाली, "हे मला तुम्ही गेल्यावर कळणार होतं? वर घमेली देऊन?"

मी कागदासाठी हात पुढे केला. तिने तो दिला नाही.

"दुसरे साक्षीदार कोण?"

"कोपऱ्यावरचे चिमाजी येणार आहेत."

"त्यांना नका बोलवू. मी करते सही."

मी तिला लेखनिकाचे म्हणणे सांगितले: साक्षीदाराला काही मिळत नाही.

"वाचलं ते. म्हणूनच करते. बुधवारपासून मुलांना कोण बघणार?"

"सुट्टी दिली आहे."

"सुट्टी कशाला? तुम्ही येईपर्यंत मी घेते. पण पाचवं कलम वर्गासमोर मी वाचणार नाही, मामा पण वाचणार नाहीत. तुम्ही परत या, फळ्यासमोर उभे राहा आणि तुमच्या तोंडानं सांगा. मी पप्पांना घेऊन येईन."

"आणि नाही आलो तर?"

"ए, गप रे," मामा म्हणाले.

चैतालीने माझ्याकडे पाहिले नाही. पेनचे टोपण काढले. "तर माझी सही आहेच."

म्हणून कलम ६ मी स्वतः खोडले. फळा आणि घमेली तूर्त कोणालाच दिलेली नाहीत. घमेली अंगणात उपडी आहेत. आजच मोजली, पाच आहेत.

हे सर्व मी वाचून, शुद्धलेखन दोनदा तपासून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: सातपूर, नाशिक
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

सही: हर्षल सहादू निरभवणे

साक्षीदार १: रावजी (डाव्या हाताचा अंगठा; उजव्याला चुना लागलेला होता, म्हणून सही नाही)

साक्षीदार २: चैताली नवनाथ दोंदे
कलम ५ तपासले. एक पंचमांश. बरोबर.