मधलं नाव

काका,

तुमचा मुलगा गेल्यावर तुमचा फोन आला, "सिनेमात आमचं आडनाव नको, धाकटीचं लग्न व्हायचंय." मी हो म्हणालो. आता शब्द फिरवतोय.

प्रेमात पडलेले दोन पुरुष जुन्या गाडीतून समुद्र बघायला निघतात, त्यातल्या एकाला एड्स आहे, एवढीच सिनेमाची गोष्ट. तुमच्या मुलानं ती लिहिली आणि आजारी माणसाचं कामही स्वतःच केलं. मेकअपवाला त्याला हात लावेना. हा म्हणाला, "बस बाबा लांब, माझा मेकअप आजारानंच फुकटात केलाय!" सगळे हसले. मग त्या मेकअपवाल्यानंच पुढे येऊन याचे केस विंचरले.

शेवटचा शॉट नऊ मिनिटांचा आहे. अंगात ताप असताना गाडी त्यानंच चालवली, एका टेकमध्ये. तुम्हीच शिकवलं होतंत ना? गिअर बदललेला कळतसुद्धा नाही.

आज सिनेमाची श्रेयनामावली छापायला दिली. त्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवली होती तशीच दिली: आधी त्याचं नाव, मग तुमचं, मग आडनाव. अक्षरं मात्र मी मोठी करायला सांगितली. मला मिरवायचंय.

हे पत्र टाकत नाही. परवानगी मागितल्यासारखं वाटेल.

तुमच्या मुलाचा जोडीदार